डायब्लो कॅन्यन: वर्षाचा हिशेब जुळला, संध्याकाळचा राहिला

अणुऊर्जा की सौर-पवन, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा दोन तट पडल्यासारखा चालतो. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूचं काही ऐकून घ्यायला तयार नसतो. म्हणूनच अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या डायब्लो कॅन्यन या अणुवीज केंद्राचं प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं. तिथे वीज कंपनी, कामगार संघटना आणि पर्यावरण संघटना यांनी एकत्र बसून अणुकेंद्र बंद करायचं आणि त्याची जागा कार्बनमुक्त विजेने भरायची असं ठरवलं. नियामक आयोगाने बंद करण्याला मान्यता दिली, तारखा पक्क्या झाल्या. करारानंतर सहा वर्षांनी त्याच राज्याच्या विधिमंडळाने जवळजवळ एकमताने तो निर्णय फिरवला. हे का घडलं ते समजून घ्यायचं, तर वर्षाला किती युनिट वीज हा प्रश्न बाजूला ठेवून कोणत्या तासाला किती वीज, असं विचारावं लागतं.

केंद्र आणि त्याचा विरोध

सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांच्या साधारण मध्यावर, सॅन लुईस ओबिस्पो काउंटीत, प्रशांत महासागराच्या कड्यावर हे केंद्र उभं आहे. वेस्टिंगहाउस कंपनीच्या दोन दाबित जल अणुभट्ट्या, एक संच १९८५ पासून चालू, दुसरा १९८६ पासून. दोन्ही मिळून क्षमता सुमारे २,२४० मेगावॅट. आपल्या तारापूरचे चारही संच मिळून १,४०० मेगावॅटचे आहेत, यावरून आकाराची कल्पना येईल. वर्षाला सुमारे १,८०० कोटी युनिट वीज इथून निघते. राज्यात तयार होणाऱ्या एकूण विजेच्या ती नऊ टक्क्यांच्या आसपास भरते. मालकी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, म्हणजे पीजी अँड ई या खासगी वीज कंपनीची.

या केंद्राला विरोध त्याच्या जन्माआधीपासून आहे. सिएरा क्लब या जुन्या पर्यावरण संघटनेत या जागेवरूनच फूट पडली. संघटनेच्या मंडळाने निपोमोचे वाळूचे डोंगर वाचावेत म्हणून या जागेला संमती दिली होती. डेव्हिड ब्रॉवर यांना ती मान्य नव्हती. १९६९ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ स्थापन केली. पुढे किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रतळाशी होसग्री हा भूभ्रंश, म्हणजे भूकंप घडवू शकणारी खडकातली भेग, असल्याचं उघड झालं आणि रचना मजबूत करण्याचं काम वाढलं. १९८१ मध्ये भूकंपरोधक आधारांचे नकाशे दोन संचांमध्ये उलटसुलट वापरले गेल्याचं लक्षात आलं आणि चालू होण्याच्या बेतात असलेलं केंद्र पुन्हा रखडलं. त्याच वर्षी फाटकासमोरच्या निदर्शनांत सुमारे १,९०० लोकांना अटक झाली. २००८ मध्ये त्याहून जवळ, किनाऱ्यालगतच, ‘शोअरलाइन’ हा आणखी एक भूभ्रंश सापडला. १९७६ पासून राज्यात कायदाही आहे की अणुकचऱ्याच्या कायमच्या विल्हेवाटीची सोय होईपर्यंत नवं अणुकेंद्र बांधायचं नाही. ती सोय आजही झालेली नाही. वापरलेलं इंधन केंद्राच्याच आवारात, आधी पाण्याच्या तलावात आणि मग कोरड्या पिंपांत साठवलेलं आहे.

हा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता. भूभ्रंश खरे आहेत, इंधनाचा प्रश्न खरा आहे. शीतकरणासाठी रोज सुमारे ९५० कोटी लिटर समुद्राचं पाणी आत ओढलं जातं आणि कोमट होऊन परत सोडलं जातं. त्यात माशांची अंडी आणि पिल्लं मरतात, हेही खरं आहे. अणुऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या गोष्टी उडवून लावल्या की चर्चा तिथेच संपते.

२०१६ चा करार

दोन्ही संचांचे परवाने २०२४ आणि २०२५ मध्ये संपणार होते. जून २०१६ मध्ये पीजी अँड ईने जाहीर केलं की नूतनीकरण मागायचं नाही. करारावर सह्या कोणाच्या, तर नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल, खुद्द फ्रेंड्स ऑफ द अर्थ, आणि केंद्रातल्या कामगारांची संघटना यांच्या. कामगारांना टिकून राहण्यासाठी भत्ता, आसपासच्या वस्तीला बुडणाऱ्या करांची भरपाई, आणि बंद होणाऱ्या विजेच्या जागी कार्बनमुक्त वीज, असा तो करार होता. एखादा मोठा प्रकल्प बंद करताना कामगार आणि गाव यांचा इतका विचार फार क्वचित होतो. हे श्रेय त्या कराराला द्यायलाच हवं.

कंपनीची कारणं मात्र आर्थिक होती. २०१५ च्या कायद्याने २०३० पर्यंत निम्मी वीज नवीकरणीय स्रोतांतून घेणं बंधनकारक केलं होतं. त्यामुळे दुपारी सौर वीज इतकी येणार की चोवीस तास एकाच जोमाने चालणाऱ्या केंद्राला जागा उरणार नाही, असा तिचा अंदाज होता. शिवाय शहरं आणि काउंट्या स्वतः वीज खरेदी करू लागल्या होत्या, त्यामुळे कंपनीचे ग्राहक घटत होते. शीतकरणाची पद्धत बदलण्याचा खर्चही डोक्यावर होता.

आता करारातला आकडा पाहा. बदली विजेसाठी त्यात ठोस सांगितलेल्या पहिल्या दोन टप्प्यांत २०० कोटी युनिट बचतीतून आणि २०० कोटी युनिट कार्बनमुक्त खरेदीतून यायची होती. बाकीचं पुढे नियोजनात ठरणार होतं. म्हणजे १,८०० कोटींसमोर ४०० कोटी. आणि जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने केंद्र बंद करायला मंजुरी देताना हे खरेदीचे टप्पेही बाजूला ठेवले. सगळं व्यापक नियोजनात पाहू, असं म्हटलं. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून आयोगाने कापलेली वस्तीची भरपाई आणि कामगारांचे भत्ते पूर्ववत केले, आणि केंद्र बंद झाल्यामुळे कार्बन उत्सर्जन वाढू नये असंही बजावलं. बंद करण्याची तारीख पक्की होती. काय उभं राहिल्यावर बंद करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक इथे आहे. केंद्र बंद करावं असं वाटण्यात चूक नव्हती.

वर्षाच्या हिशेबाने हे काम अशक्यही नव्हतं. तिथल्या उन्हात सौर प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या साधारण चौथा हिस्सा वीज देतो. १,८०० कोटी युनिटसाठी सुमारे ८,००० मेगावॅट सौर क्षमता लागेल. कॅलिफोर्नियाने तेवढी क्षमता काही वर्षांत उभारलेली आहेच. पण हे ८,००० मेगावॅट दुपारी एक वाजता अणुकेंद्राच्या तिप्पट वीज देतील आणि रात्री आठ वाजता शून्य. संध्याकाळी सहा ते सकाळी सात हे तेरा तास डायब्लो कॅन्यन सुमारे २ कोटी ९० लाख युनिट देतं. तेवढं चार तास पुरणाऱ्या बॅटऱ्यांतून द्यायचं तर ७,००० मेगावॅटहून जास्त बॅटऱ्या हव्यात. २०२० साली अख्ख्या राज्यात ग्रिडला जोडलेल्या बॅटऱ्या सुमारे ५०० मेगावॅटच्या होत्या.

सावध करणारं उदाहरण घरातच होतं. दक्षिण कॅलिफोर्नियातलं सॅन ओनोफ्रे हे जवळजवळ इतकंच मोठं अणुकेंद्र जानेवारी २०१२ मध्ये वाफ-जनित्राच्या नळ्या गळू लागल्याने थांबलं आणि २०१३ मध्ये कायमचं बंद झालं. त्याची जागा मुख्यतः नैसर्गिक वायूने घेतली आणि वीज क्षेत्राचं उत्सर्जन वाढलं. ते अचानक घडलं होतं. डायब्लो कॅन्यनसाठी मात्र आठ-नऊ वर्षं हातात होती.

ऑगस्ट २०२०

१४ ऑगस्ट २०२० ला पश्चिम अमेरिका उष्णतेच्या लाटेत होती. कॅलिफोर्नियाची मागणी दुपारी पाचच्या सुमारास शिखरावर गेली आणि ग्रिडने ती पेलली. भारनियमन सुरू झालं साडेसहानंतर. मागणी तोवर थोडी उतरली होती, पण सौर वीज त्याहून वेगाने उतरत होती. एरवी शेजारच्या राज्यांतून वीज मिळते, पण लाट तिथेही होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाराही पडला आणि पुन्हा भारनियमन झालं. २००१ च्या वीज संकटानंतर राज्यात पहिल्यांदाच ही वेळ आली होती, आणि लाखो घरांतली वीज गेली.

राज्याच्या तीन यंत्रणांनी मिळून केलेल्या चौकशीत तीन कारणं निघाली: हवामान बदलामुळे आलेली असाधारण उष्णता, आदल्या दिवशीच्या वीजबाजारातल्या काही पद्धती, आणि संध्याकाळच्या तासांसाठी पुरेशी क्षमता आधीपासून उभी न करणं. सौर ऊर्जेमुळे वीज गेली, असं या अहवालात नाही. नियोजन करणारे एकूण मागणीचं शिखर पाहत होते. मागणीतून सौर आणि पवन वजा केल्यावर जे उरतं त्याचं शिखर आता दोन तासांनी पुढे सरकलंय, हे नियोजनाच्या तक्त्यात पुरतं उतरलं नव्हतं. खरं तर ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने २०१३ मध्येच हा आलेख काढून दाखवला होता. दुपारी पोट खाली गेलेला आणि संध्याकाळी मान वर ताणलेला, म्हणून तो जगभर ‘डक कर्व्ह’ नावाने ओळखला गेला. आलेख माहीत होता, बंद करण्याची तारीख माहीत होती. दोन्ही एका टेबलावर कोणी मांडले नाहीत.

पुढच्याच महिन्यात वणव्यांच्या धुराने आकाश झाकोळलं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातली सौर निर्मिती जुलैच्या सरासरीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी घटली. हवामान बदल आणि सौर ऊर्जा यांचं हे नातं आपणही लक्षात ठेवायला हवं.

जून २०२१ मध्ये आयोगाने पहिल्यांदा तासांच्या भाषेत आदेश काढला. वीज पुरवठादारांनी ११,५०० मेगावॅट नवी क्षमता घ्यायची, आणि त्यातली किमान २,५०० मेगावॅट डायब्लो कॅन्यनच्या बदल्यात अशी हवी की ती कार्बनमुक्त असेल आणि रोज संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळात वीज देईल. हाच आदेश २०१८ मध्ये निघाला असता, तर पुढचं बरंचसं टळलं असतं असं मला वाटतं.

दुपारी अणुभट्टी कमी का करत नाहीत?

अणुऊर्जा आणि सौर ऊर्जा एकत्र चालवण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. दुपारी ऊन भरपूर असताना अणुकेंद्र निम्म्यावर आणा, संध्याकाळी पुन्हा वाढवा. ऐकायला साधं वाटतं.

पहिली अडचण पैशाची. अणुकेंद्राचा बहुतेक खर्च बांधकाम, माणसं, सुरक्षा आणि देखभालीचा असतो. इंधनाचा वाटा लहान. दुपारी निम्मी वीज काढली म्हणून खर्च निम्मा होत नाही, विकलेली युनिट मात्र कमी होतात आणि उरलेलं प्रत्येक युनिट महाग पडतं. वायूवरच्या केंद्राचं उलटं: बंद ठेवलं की इंधन वाचतं.

दुसरी अडचण अणुभट्टीच्या आतली. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होतं आणि त्याचा ऱ्हास होऊन झेनॉन-१३५ बनतं. भट्टी ज्या न्यूट्रॉनांवर चालते ते झेनॉन गिळतो. भट्टी पूर्ण जोमाने चालते तेव्हा तो बनतो तसा न्यूट्रॉन शोषून नष्टही होत राहतो. शक्ती कमी केली की नष्ट होण्याचा वेग लगेच घटतो, पण आधी साठलेल्या आयोडीनमधून नवा झेनॉन येतच राहतो. त्यामुळे पुढचे काही तास झेनॉन वाढत जातो. सकाळी दहाला शक्ती उतरवली, तर तो वाढलेला सापडतो नेमका दुपारनंतर, म्हणजे संध्याकाळसाठी भट्टी पुन्हा चढवायची तेव्हा. यावर उपाय आहे. शीतक पाण्यातलं न्यूट्रॉन शोषणारं बोरॉन पातळ करायचं किंवा नियंत्रक दांडे हलवायचे. फ्रान्समध्ये हे कित्येक दशकं रोजच्या रोज चालू आहे. तिथे न्यूट्रॉन कमी शोषणारे खास दांडेही वापरतात. पण इंधन बदलायची वेळ जवळ आली की पाण्यात बोरॉनच थोडं उरतं आणि ही लवचिकता आटते. फ्रान्सकडे पन्नासहून जास्त अणुभट्ट्या आहेत, त्यामुळे नुकतं इंधन भरलेल्या भट्ट्यांवर चढउतार सोपवून बाकीच्या सलग चालवता येतात. कॅलिफोर्नियाकडे दोनच संच. फ्रान्सला जमतं मग यांना का नाही, असं विचारणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

वॉशिंग्टन राज्यातलं कोलंबिया अणुकेंद्र मात्र वसंतात नद्यांना पूर येऊन जलविद्युत उतू जाऊ लागली की आपली शक्ती उतरवतं. ते आधी कळवून केलं जातं आणि तासातासाला वर-खाली करायचं नसतं. अशा हंगामी, संथ चढउताराला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

डायब्लो कॅन्यनने असं केलं तर किती फरक पडेल, याचा ढोबळ हिशेब करता येतो. मार्च ते मे या नव्वद दिवसांत रोज सहा तास दोन्ही संच निम्म्यावर आणले, तर सुमारे ६० कोटी युनिटची जागा मोकळी होते. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्रिडने सौर आणि पवन मिळून सुमारे ३४० कोटी युनिट वीज वाया घालवली, त्यातली ९३ टक्के सौर होती. आणि त्यातला मोठा भाग स्थानिक वाहिन्या भरल्यामुळे अडलेला होता. अणुकेंद्र उतरवल्याने ती वीज काही सुटली नसती. म्हणजे अणुकेंद्र दुपारी सौर विजेची जागा अडवतं हा आरोप खरा आहे, पण अडचणीचा तो लहान हिस्सा आहे.

हेल्म्सची दोन तळी

या प्रकरणातली मला सर्वांत शिकवून जाणारी गोष्ट केंद्रापासून दूर, फ्रेस्नोच्या पूर्वेला सिएरा नेव्हाडाच्या डोंगरात आहे. कोर्टराइट आणि विशॉन अशा दोन जलाशयांमध्ये सुमारे पाचशे मीटरचा उतार, आणि मध्ये डोंगराच्या पोटात हेल्म्स उदंचन प्रकल्प. तीन संच, १,२१२ मेगावॅट, १९८४ पासून चालू. वीज स्वस्त असताना खालचं पाणी वर चढवायचं, महाग असताना ते खाली सोडून वीज घ्यायची.

हा प्रकल्प बांधला गेला तेव्हा डोळ्यांसमोर डायब्लो कॅन्यन होतं. अणुकेंद्र रात्रीही तेवढीच वीज देणार, रात्री मागणी नसणार, मग त्या विजेने पाणी वर चढवायचं आणि दुपारी वातानुकूलन यंत्रं चालू झाली की सोडायचं. तेव्हाचं सगळं गणित रात्र स्वस्त आणि दुपार महाग, यावर बेतलेलं होतं. सौर ऊर्जेने ते उलटं केलं. आता वसंतात हेल्म्स भर दुपारी पाणी वर चढवतं आणि सूर्य मावळताना खाली सोडतं. एकही भिंत बदलली नाही. पंप चालू करण्याची वेळ बदलली.

साठवणुकीला वीज कोणाची याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून अणुऊर्जा आणि सौर ऊर्जा एकमेकींच्या आड येऊ नयेत अशी इच्छा असेल, तर आधी साठवण उभी करावी. अणुभट्टीला रोज नाचवण्यापेक्षा तिला स्थिर ठेवून शेजारी साठवण बांधणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

निर्णय फिरला

नोव्हेंबर २०२१ मध्ये स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासकांनी डायब्लो कॅन्यन २०३५ पर्यंत चालू ठेवलं तर राज्याच्या वीज क्षेत्राचं उत्सर्जन २०१७ च्या तुलनेत दहा टक्क्यांहून जास्त घटेल, असा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी मुदतवाढीचा प्रस्ताव आणला. २०१६ मध्ये किनाऱ्याच्या जमिनीचा भाडेपट्टा केंद्राला २०२५ पर्यंतच देणाऱ्या राज्याच्या जमीन आयोगावर तेच बसले होते. विधेयक सिनेटमध्ये ३१ विरुद्ध १ आणि असेंब्लीत ६९ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झालं. २ सप्टेंबर २०२२ ला सही झाली. पहिला संच ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत, दुसरा ३१ ऑक्टोबर २०३० पर्यंत. कंपनीला राज्याकडून १.४ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज.

सही होऊन चारच दिवस झाले होते. ६ सप्टेंबरला राज्यात ५२,०६१ मेगावॅट ही विक्रमी मागणी नोंदली गेली. पावणेसहाच्या सुमारास लोकांच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश गेला: शक्य तेवढी वीज वाचवा. काही मिनिटांत मागणी घसरली आणि भारनियमन टळलं.

या कायद्यातली एक तरतूद मला फार चांगली वाटते. मुदतवाढ मिळाली तरी जुन्या परवान्याच्या तारखेनंतर राज्याच्या दीर्घकालीन नियोजनात डायब्लो कॅन्यनची वीज धरायचीच नाही, म्हणजे ते केंद्र नाही असं समजून बदली क्षमतेची खरेदी चालू ठेवायची. मुदतवाढीमुळे सौर, पवन आणि बॅटऱ्यांची कामं ढिली पडतील ही टीकाकारांची भीती होती, आणि तिला हे थेट उत्तर आहे. २०१६ मध्ये तारीख होती पण बदली नव्हती. २०२२ च्या कायद्याने बदलीची घाई कायम ठेवून तारीख पुढे नेली.

खर्चाच्या बाबतीत मात्र टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. मुदतवाढीचा खर्च पीजी अँड ईच्याच ग्राहकांवर नाही, तर दक्षिणेकडच्या दोन मोठ्या खासगी कंपन्यांच्या ग्राहकांवरही टाकला आहे. ग्रिड एकच, फायदा सर्वांना, हे त्यामागचं कारण. पण सॅन दिएगोतल्या घराला, जिथे आधीच दर चढे आहेत, हे समजावणं सोपं नाही. केंद्र सरकारचे १.१ अब्ज डॉलर मदतीला आले. शिवाय पाच वर्षं हा काळ अडनिडा आहे. देशाचा अणुनियामक परवान्याचं नूतनीकरण देतो ते वीस वर्षांसाठी. मोठी दुरुस्ती पाच वर्षांत वसूल होत नाही आणि २०२२ चा कायदा वीस वर्षं देत नाही.

मोठ्या एकसंध केंद्राची जोखीमही विसरू नये. २०२० आणि २०२१ मध्ये दुसऱ्या संचाच्या जनित्रातून ते थंड ठेवणारा हायड्रोजन गळू लागला आणि तो संच पुन्हा पुन्हा बंद ठेवावा लागला. अणुभट्टी ठणठणीत होती, बिघाड नेहमीच्या विद्युत यंत्रात होता, तरी हजार मेगावॅटहून जास्त एका झटक्यात गेले. असा संच ग्रिडवर असेल तर तो अचानक गेल्यावर कामाला येईल एवढी राखीव क्षमता कायम तयार ठेवावी लागते. अणुऊर्जा हमखास आणि सौर बेभरवशाची, ही मांडणी म्हणून मला अपुरी वाटते. सूर्य कधी मावळणार ते आदल्या दिवशी मिनिटासकट माहीत असतं.

बॅटऱ्या आल्यावर

मग बॅटऱ्या आल्या, आणि कोणाच्याही अपेक्षेपेक्षा वेगाने. २०२० चे ५०० मेगावॅट २०२४ च्या वसंतात १०,००० मेगावॅटच्या पुढे गेले. १६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी काही काळ बॅटऱ्या हाच ग्रिडवरचा सर्वांत मोठा स्रोत होता. २०२० मध्ये ज्या तासांनी राज्याला गुडघ्यावर आणलं, त्यांचं उत्तर मुख्यतः बॅटऱ्यांनी दिलं आहे, हे अणुऊर्जेच्या समर्थकांनी मोकळ्या मनाने मानावं.

मग डायब्लो कॅन्यन कशासाठी? माझं उत्तर: रात्री दहा ते सकाळी सात, आणि डिसेंबर-जानेवारी. चार तासांच्या बॅटऱ्या संध्याकाळ सांभाळतात. मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्निया अजूनही वायू जाळतो. राज्यातल्या निर्मितीत वायूचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. हिवाळ्यात दिवस लहान, सलग ढग आले की बॅटऱ्या भरायलाच ऊन कमी पडतं. आज अणुकेंद्र बंद केलं तर जी वीज जाईल तिचा मोठा हिस्सा या तासांमधला असेल आणि तिथे वायूच जास्त जळेल. जळणारा वायू सेंट्रल व्हॅली आणि लॉस एंजेलिसच्या आसपासच्या वस्त्यांच्या फुफ्फुसांत जातो. या लोकांचा विचार मला भूभ्रंशाच्या विचाराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

बॅटऱ्याही निर्धोक नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मॉस लँडिंग इथल्या ३०० मेगावॅटच्या बॅटरी इमारतीला मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली.

आपल्याकडे पाहताना

महाराष्ट्रात हा प्रश्न तारापूर आणि प्रस्तावित जैतापूर यांच्यासोबत येतो. जैतापूरचा प्रस्ताव सहा संच, ९,९०० मेगावॅटचा. डायब्लो कॅन्यनच्या चौपटीहून जास्त. एवढी सलग वीज दुपारी कुठे जाणार आणि एक संच अचानक गेला तर १,६५० मेगावॅट कुठून येणार, हे प्रश्न कोकणातल्या जमिनीच्या आणि मासेमारीच्या प्रश्नांइतकेच आधी विचारायला हवेत.

आपल्याकडे एक जमेची गोष्ट आहे: शेतीपंप. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून शेतीचा पुरवठा दिवसा सौर विजेवर आणते आहे. रात्री बिबट्या-सापाच्या भीतीने पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं हा त्याचा हक्क आहेच. शिवाय जी मागणी रात्रीहून दुपारी सरकली, तिच्यासाठी बॅटरीच लागत नाही. कॅलिफोर्निया दर बदलून लोकांना चार ते नऊ ही वेळ टाळायला सांगतो, आपण फीडरच दुपारी चालवू शकतो. आणि घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. हेल्म्ससारखाच तोही रात्रीची शिलकी वीज धरून आखलेला. पंपाची वेळ बदलण्याचा धडा तिथे जसाच्या तसा लागू पडतो.

२०२९ कडे

डायब्लो कॅन्यनच्या वायव्येला समुद्रात, मॉरो बे परिसरात, तरंगत्या पवनचक्क्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये क्षेत्रं लिलावात दिली गेली. ती वीज किनाऱ्यावर आली तर अणुकेंद्रासाठी बांधलेल्या ५०० केव्हीच्या वाहिन्या जवळच आहेत. समुद्रावरचा वारा संध्याकाळी आणि रात्रीही वाहतो, म्हणजे बॅटऱ्यांनी न भरलेल्या तासांत तो उपयोगी पडू शकतो. पण त्या वाहिन्या अणुकेंद्र भरून वापरतंय तोवर पवनचक्क्यांना तिथे पूर्ण जागा नाही, आणि पवनचक्क्या उभ्या राहायच्या आधी केंद्र बंद झालं तर वाहिन्या रिकाम्या आणि वायू चालू. परिसराची जमीन आपल्याला परत मिळावी अशी उत्तर चुमाश आदिवासींची मागणी आहे, तिचाही निकाल बंद होण्याच्या तारखेशी बांधलेला आहे.

म्हणून पुढची तारीख ठरवताना आयोगाने एक साधा तक्ता जनतेसमोर ठेवावा असं मला वाटतं: जानेवारीतल्या ढगाळ आठवड्याचे सगळे १६८ तास, प्रत्येक तासाला मागणी किती, सौर किती, पवन किती, साठवणीतून किती, बाहेरून किती, आणि वायू किती. आधी डायब्लो कॅन्यन धरून, मग वगळून. दोन तक्त्यांतला वायूचा आकडा जवळपास सारखा आला तर केंद्र बंद करावं, कोणी हट्ट धरू नये. आणि फरक मोठा असेल, तर तो कोणत्या तासांत आहे ते पाहून तेवढीच खरेदी आधी करावी.